‘गाडीत आहे’

माझी भाची नऊ वर्षांची असताना, मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी १ वाजून ४६ मिनिटांनी गणपतीपुळ्यातल्या एका खानावळीच्या अंगणात माझ्या खांद्यावर बेशुद्ध झाली. तिला काजूची ॲलर्जी आहे. अंगावर पित्त उठून तासाभरात उतरणारी ही ॲलर्जी नाही. श्वासनलिका आवळून धरणारी आणि रक्तदाब पाडणारी आहे. डॉक्टर तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावरचं औषध आम्ही घरून बरोबर नेलं होतं. तरीही हे घडलं.

पुढच्या आठवड्यात मी तो दिवस कागदावर मांडला. फोनमधल्या फोटोंच्या वेळा, कॉलची नोंद, दवाखान्याचा केसपेपर यांवरून एकेक मिनिट जुळवलं. मांडताना कळलं की दुपारी जे झालं त्याची तयारी आम्ही आदल्या रात्रीपासून आपल्याच हातांनी करत होतो, तीही काळजीपोटी.

आदली रात्र, १०:१५ (साडेपंधरा तास आधी)

कोल्हापुरात ताईच्या घरी सामान भरणं चाललं होतं. दशम्या, लसणाची चटणी, पन्ह्याच्या बाटल्या, टॉवेल, वाळूत खेळायची बादली. कोपऱ्यात आइसबॉक्स, त्यात बर्फाच्या पिशव्या.

भाचीचं औषध म्हणजे जाड मार्करएवढं एक पेन. आत ॲड्रेनलिन, एक ताणलेली स्प्रिंग आणि एक सुई. मांडीच्या बाहेरच्या अंगाला जोरात दाबलं की सुई कपड्यातूनही आत जाते आणि ठरलेला डोस स्नायूत उतरतो. आपल्याकडे हे पेन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. ताईच्या दिरांनी अमेरिकेहून येताना दोन आणली होती. एक शाळेच्या दप्तरात असायचं आणि दुसरं पाडव्यापासून गाडीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये. आपण जाऊ तिथे गाडी असतेच, हा त्यामागचा विचार. सुटी लागली तसं दप्तर माळ्यावर गेलं, पेनासकट.

गाडीतलं सामान वर आणताना ते दुसरं पेन आईच्या हाती लागलं. ती ताईवर रागावली. "अगं, एवढ्या उन्हात औषध गाडीत ठेवतेस? बर्फात ठेव की." आणि तिनं स्वतःच ते आइसबॉक्समध्ये, बर्फाच्या पिशवीला चिकटून ठेवलं.

आईला वीस वर्षांचा मधुमेह. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायची असते हे तिला पाठ आहे. पोलिओच्या लसीचा निळा डबा तिनं अंगणवाडीत पाहिलेला आहे. औषध म्हणजे थंडीत, हे तिचं गणित अनुभवाचं होतं. ॲड्रेनलिनच्या पेनाला मात्र ते लागू पडत नाही. त्याच्या वेष्टणावर २० ते २५ अंश लिहिलेलं असतं, प्रवासात थोडा वेळ १५ ते ३० पर्यंत चालतं, आणि त्याखाली स्पष्ट सूचना असते: फ्रिजमध्ये ठेवू नका, गोठू देऊ नका, उजेडापासून जपा. ते वेष्टण आम्ही कधीच फेकून दिलं होतं.

पहाटे ५:१० (साडेआठ तास आधी)

निघालो. भाची मागच्या सीटवर आज्जीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली.

७:२० (साडेसहा तास आधी)

मलकापूर मागे टाकून आंब्याला चहासाठी थांबलो. पन्हं काढायला आइसबॉक्स उघडला तर तळाशी बर्फाचं पाणी झालेलं, आणि पेन त्या पाण्यात तरंगत होतं. ताईनं ओढणीनं ते पुसलं. टोपणाच्या खाचेत पाणी गेलेलं दिसत होतं. "वाळू दे जरा," असं म्हणून तिनं ते डॅशबोर्डवर ठेवलं.

मी गाडी चालवत होतो. पेन माझ्या डोळ्यांसमोर होतं. आम्ही पश्चिमेला चाललो होतो, ऊन पाठीमागून येत होतं, त्यामुळे डॅशबोर्ड सावलीत होता. एसी चालू होता. वाळत घालायला त्याहून बरी जागा त्या वेळी मलाही सुचली नसती. घाट उतरलो. साखरपा गेलं, पाली गेली. हातखंब्यापासून निवळीपर्यंत महामार्गावरून जाऊन पुळ्याचा रस्ता धरला. एका वळणावर पेन घरंगळत काचेच्या कडेला, त्या अरुंद खोबणीत जाऊन बसलं. आता ते मला दिसत नव्हतं.

९:४० (चार तास आधी)

पुळ्याला पोचलो. रविवार, सुटीचे दिवस, गाड्यांची ही रांग. झाडाखालच्या जागा कधीच गेलेल्या. मोकळ्या मैदानात गाडी लावली. काचा बोटभर खाली ठेवल्या, म्हणजे गाडी तापणार नाही.

हा समज माझ्या वडिलांपासून चालत आलेला आहे आणि तो खोटा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं तापमान वेगवेगळ्या दिवशी मोजलं. बाहेर हवा कशीही असो, तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी चढलं. त्यातली ८० टक्के चढण पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या उघड्या ठेवल्यानं फारसा फरक पडला नाही. २०१८ साली ॲरिझोनातल्या अभ्यासकांनी, बाहेर ३८ अंशांच्या वर ऊन असताना, गाडीतली एकेक जागा वेगळी मोजली. तासाभरानं आतली हवा सरासरी ४७ अंश, सीट ५१, स्टिअरिंग ५३. आणि डॅशबोर्ड ६९.

रत्नागिरीची हवा मेमध्येही ३३-३४ च्या आसपास असते, कोल्हापूरपेक्षा कमीच. घामानं जीव जातो, पण पारा फार चढत नाही. म्हणून कोकणात निघालेला घाटावरचा माणूस गाफील राहतो. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास या किनाऱ्यावर सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. काठी उभी रोवली तर तिची सावली पडत नाही. त्या दिवसांत मैदानातल्या गाडीला कुठूनच सावली मिळत नाही.

आम्ही टॉवेल घेतले, बादली घेतली, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. पन्हं गरम होईल म्हणून आइसबॉक्सही घेतला. पन्ह्याला उन्हातून वाचवायचं आम्हाला सुचलं.

१०:१० (साडेतीन तास आधी)

या वेळचा फोटो आहे. भाची लाटांत उभी आहे, फ्रॉक ओला, एक दात पडलेला. या वेळेपर्यंत गाडी तापायची तेवढी बहुतेक तापलेली होती.

पेनात काय होत असतं ते इथेच सांगतो. वांगं चिरून पाण्यात टाकलं नाही तर ते काळं पडतं, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. हवेतल्या प्राणवायूनं त्यातले काही रेणू बदलतात. ॲड्रेनलिनचा रेणू साधारण त्याच घराण्यातला. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९०१ साली तो शुद्ध रूपात वेगळा केला, आणि हे द्रव्य हवा, उजेड, उष्णता सोसत नाही ही अडचण तेव्हापासूनची आहे. स्वच्छ पाण्यासारखं दिसणारं औषध आधी गुलाबी होतं, मग तपकिरी. रंग आला म्हणजे त्यातल्या काही औषधाचं औषधपण गेलं. पेनात सल्फाइटसारखं एक द्रव्य मुद्दाम घातलेलं असतं, प्राणवायूचा पहिला घाव ते स्वतःवर घेतं. पण तेही पुरून पुरून किती पुरणार? एखाद्या दुपारच्या उन्हानं पेन लगेच निकामी होतं असं नाही. सतत, दिवसचे दिवस सोसलेली उष्णता त्याला खाते. आमचं पेन पाडव्यापासून ग्लोव्हबॉक्समध्ये होतं. अख्खा चैत्र आणि अर्धा वैशाख.

त्यासाठी तर पेनाला पारदर्शक खिडकी ठेवलेली असते, येता-जाता बघायला. आम्ही घेतल्यापासून एकदाही त्या खिडकीतून पाहिलं नव्हतं.

११:३०

दर्शन झालं. देव पश्चिमेला तोंड करून, समोर समुद्र. मागचा डोंगरच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा त्या अख्ख्या डोंगराला घालायची, किलोमीटरभराची. अनवाणी पायांना फरशीचे चटके बसत होते. भाची आज्जीचा हात धरून सावलीच्या एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर उड्या मारत चालली होती. आज्जीनं डोक्यावरचा पदर सोडून तिच्या डोक्यावर धरला.

१२:२० (दीड तास आधी)

खानावळीकडे वळताना ताई थबकली. "पेन?"

"गाडीत आहे," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि आम्ही चालायला लागलो. हे दोन शब्द मी पुढे कितीतरी रात्री मनात ऐकले. त्यात खोटं काही नव्हतं. पेन हरवलेलं नव्हतं, विसरलेलं नव्हतं, ते कुठे आहे हे मला ठाऊक होतं. त्या उत्तरानं सगळ्यांचं समाधान झालं. गाडी तिथून पाव मैलावर होती, मध्ये रविवारची गर्दी होती. त्या दिवशी मी परत फिरलो असतो तर दहा मिनिटं गेली असती आणि जेवायला थोडा उशीर झाला असता, इतकंच.

१:०५ (४१ मिनिटं आधी)

घरगुती खानावळ. शेणानं सारवलेलं अंगण, ओसरीवर पाट मांडलेले. आत जाताच ताईनं विचारलं, कशाकशात काजू आहे? वाढणाऱ्या काकूंनी नीट ऐकून घेतलं. ओल्या काजूगरांची उसळ आहे, ती पोरीला वाढत नाही. बटाट्याची भाजी, वरण-भात, सोलकढी, मोदक, यांत काजू नाही. त्या खरं बोलत होत्या. बटाट्याच्या भाजीत काजू नव्हता. पण पंगत मोठी होती, आणि उसळीतला डाव बटाट्याच्या पातेल्यात गेला.

कोकणात मेमध्ये काजूपासून लांब राहणं किती कठीण आहे याची कल्पना आम्हाला यायला हवी होती. तिथे तो सुक्या मेव्यातला चैनीचा पदार्थ नाही, परसातलं पीक आहे. उसळीत, वाटणात, मोदकाच्या सारणात, शेजारच्या पानात. काजूची ॲलर्जी असलेल्याला पिस्त्याचीही बाधा होण्याची शक्यता मोठी असते, हेही जाता जाता नोंदवतो. दोन्ही झाडं एकाच कुळातली, आंब्याच्या.

१:१२ (३४ मिनिटं आधी)

"आई, जीभ चावतीय." ओठ खाजवायला लागली. ताईनं पान बाजूला सरकवलं.

१:१६ (अर्धा तास आधी)

उलटी. मानेवर, पोटावर लाल गांधी. ताईच्या पर्समध्ये सेटिरिझिनचं सिरप होतं, ते पाजलं. आणि मग आम्ही थांबलो. औषध दिलंय, आता उतरेल, असं म्हणत आठ मिनिटं आम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवत बसलो.

या आठ मिनिटांबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. सिरप खाज कमी करतं. आवळलेली श्वासनलिका ते उघडत नाही, पडलेला रक्तदाब ते उचलत नाही. ते काम फक्त ॲड्रेनलिनचं. अंगावर गांधी आणि उलटी एकत्र आली तेव्हाच पेनाची वेळ झाली होती. पेन कमरेला असतं तर कदाचित आम्ही ते तेव्हाच काढलं असतं. जे हाताशी होतं ते दिलं आणि त्यालाच उपाय म्हटलं. जवळ नसलेलं औषध डोक्यातूनही लांब जातं.

मँचेस्टरच्या डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास करून २००० साली एक निष्कर्ष मांडला. अन्नातून झालेल्या जीवघेण्या प्रकरणांत हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यम काळ ३० मिनिटं. गांधीलमाशी-मधमाशीच्या दंशात १५. उलटी झाली तेव्हाच भाचीनं पहिला घास घेऊन आठ-दहा मिनिटं झाली होती.

१:२४ (२२ मिनिटं आधी)

तिचा आवाज बदलला. घोगरा, लांबून आल्यासारखा. कोरडा, भुंकल्यासारखा खोकला. भाऊजी माझ्याकडे बघून ओरडले, "पेन!" मी चपला न घालता पळालो.

१:३३ (१३ मिनिटं आधी)

जाऊन-येऊन नऊ मिनिटं. गाडीचं दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखा झोत आला. पेन काचेच्या खोबणीतून काढताना बोटं भाजली. रुमालात धरून आणलं. खिडकीतला द्रव गुलाबी विटकरी दिसत होता. ताईनं तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं. दुसरं पेन कोल्हापुरात माळ्यावर.

तिनं टोपण काढलं आणि मांडीला दाबलं. तीन आकडे मोजले. तिचं बरोबर होतं, हे नंतर डॉक्टरांनीही सांगितलं. हाताशी एकच पेन असेल आणि ते तापलेलं, रंग बदललेलं, मुदत संपलेलं असेल, तरी समोर माणूस गुदमरत असताना ते वापरायचंच. उरलेलं थोडं औषधही काहीच नसण्यापेक्षा बरं.

१:३७

१०८ ला खानावळीच्या मालकांनी आधीच फोन लावला होता. रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागणार होती. प्राथमिक आरोग्य केंद्र गाडीनं बारा-तेरा मिनिटांवर.

खोकला थोडा उतरल्यासारखा वाटला. मग परत चढला. ती फिकट पडत चालली होती. ओसरीवर आडवी, आज्जीच्या मांडीवर डोकं.

१:४४ (दोन मिनिटं आधी)

भाऊजी गाडी दाराशी घेऊन आले. मी तिला उचललं, खांद्याशी उभी धरली, जशी झोपलेली पोर उचलतात तशी.

१:४६

अंगण ओलांडता ओलांडता तिचा हात माझ्या गळ्यातून सुटला. मान मागे गेली. डोळे अर्धे उघडे, नजर नाही. ताईनं तिला नावानं मारलेली हाक मी जन्मभर विसरणार नाही.

तिला उभी करणं ही त्या दिवसाची शेवटची चूक, आणि ती माझी. ॲनाफिलॅक्सिसमध्ये सगळ्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे साठतं. आडवं असेपर्यंत हृदयाकडे थोडंफार रक्त परतत असतं. माणूस एकदम बसता किंवा उभा झाला की तेही थांबतं, रिकामं हृदय रिकामंच आकुंचन पावतं. पम्फ्री यांनी २००३ साली अशा मृत्यूंवर वेगळा लेख लिहिला, अंगाची स्थिती बदलताच काही क्षणांत गेलेल्या माणसांवर. अशा माणसाला आडवं ठेवायचं, पाय उंच करायचे, न्यायचं तर आडवंच न्यायचं. दम लागला असेल आणि आडवं सोसत नसेल तर पाय लांब पसरून बसवायचं, पण चालवायचं नाही. मला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. मीही विचारलेलं नव्हतं.

आणि तिला ठेवलं कुठे? त्याच गाडीत. चारी दारं उघडून भाऊजी एक-दोन मिनिटं वारं घेत उभे राहिले, कारण सीटला हात लागत नव्हता. जिथे पोरीला दोन मिनिटं ठेवायला आमचा जीव धजेना, तिथे तिचा जीव वाचवणारं औषध आम्ही चार तास ठेवलं होतं.

२:०१

आरोग्य केंद्र. रविवारची दुपार, तरी डॉक्टर जागेवर होत्या. वयानं ताईहून लहान. त्यांनी कपाटातून तपकिरी काचेची एक छोटी अँप्यूल काढली, मान मोडली, सुईत औषध ओढलं. वजन विचारलं. २४ किलो. किलोमागे ०.०१ मिलिग्राम, म्हणजे एक मिलिलिटरच्या अँप्यूलमधलं पाव मिलिलिटरही नाही. मांडीत दिलं. ऑक्सिजन लावला, सलाइन सोडलं, पाय उशीवर चढवले. पाच मिनिटांनी पुन्हा तेवढंच. दुसऱ्या इंजेक्शननंतर काही मिनिटांत तिच्या ओठांना रंग आला आणि ती "पाणी" म्हणाली.

त्या अँप्यूलची किंमत एका मिसळीपेक्षा कमी असते. अमेरिकेहून आलेल्या पेनात जे औषध, तेच त्यात. फरक एवढाच होता की ती अंधाऱ्या कपाटात, खोक्यात, तारीख बघून ठेवलेली होती.

पुढे रुग्णवाहिकेनं रत्नागिरीला नेलं, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. उतरलेली लाट काही तासांनी पुन्हा येऊ शकते, म्हणून. आली नाही. सोमवारी संध्याकाळी आम्ही तिला घरी आणलं. आरोग्य केंद्रातून निघताना मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं, पेन खराब झालं म्हणून असं झालं का? त्या म्हणाल्या, "ते आता कसं सांगणार? कधी चांगल्या पेनाचाही एक डोस पुरत नाही. म्हणून तर दोन जवळ ठेवायची असतात."

त्यानंतर

आता दोन्ही पेनं एका कमरपट्ट्याच्या पिशवीत असतात आणि ती पिशवी भाचीबरोबर असते. शाळेत, लग्नात, समुद्रावर. पोहताना ती ज्या मोठ्या माणसाच्या कमरेला जाते, तो माणूस पाण्यात उतरत नाही. आमच्या घरात हा नियम सोपा करून सांगितला जातो: जिथे पोर बसेल तिथे पेन बसेल. पोरीला ऊन लागतंय म्हणून सावलीत नेलं की पेनही आपोआप सावलीत जातं.

उन्हाच्या प्रवासात पेनं कोरड्या रुमालात गुंडाळून, आतून चंदेरी अस्तर असलेल्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवतो. सोबत माठातल्या पाण्याची बाटली. बर्फ नाही, गोठवलेली जेलची पिशवीही पेनाला चिकटून नाही. बाजारात पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात, इन्सुलिन वापरणारे बरेच जण त्या घेतात. त्या चांगल्या आहेत, पण त्यांचं तंत्र माठाचं आहे: पाणी बाहेर उडून जातं म्हणून आतलं गार राहतं. सोलापूर-नागपूरच्या कोरड्या हवेत माठ जसा गारठतो तसा कोकणात गारठत नाही, हे प्रत्येक कोकणी माणूस जाणतो. पिशवीचंही तसंच. किनाऱ्यावर जाताना तिच्यावर फार भिस्त ठेवू नये, आणि कुठेही ती पिशवी बंद बॅगेच्या तळाशी कोंबू नये, तिला वारा लागायला हवा.

दर महिन्याच्या एक तारखेला ताई पेनाच्या खिडकीतून उजेडाकडे बघते. पाण्यासारखं स्वच्छ असेल तर ठीक. रंग, ढगाळपणा किंवा कण दिसले तर बदलायचं, तारीख काहीही असो. भाचीचं वजन आता वाढलं आहे, डोसही डॉक्टरांनी बदलून दिला आहे, हेही तपासावं लागतं. ज्यांना पेन मिळत नाही त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून अँप्यूल, सुया आणि त्या कशा भरायच्या याचं शिक्षण मागून घ्यावं. आमच्या डॉक्टरांनी आम्हा चौघांना बसवून शिकवलं. आईलाही. ती आता पाव मिलिलिटरची रेघ चष्म्याशिवाय ओळखते.

उन्हाळा तोंडावर आहे. तुमच्या घरात कोणासाठी असं औषध असेल, तर या क्षणी ते कुठे आहे हे घरातल्यांना विचारा. उत्तर ‘गाडीत आहे’ असं आलं, तर कृपा करून आत्ता उठा आणि ते घेऊन या.